निवाऱ्याला अंगण हवं

माझ्या आत्याला तेरणेच्या काठच्या एका गावात दिली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, तिच्या घराचं माळवद खाली आलं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं. गावातली पोरं उशिरापर्यंत लेझीम खेळून नुकतीच आडवी झाली होती. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचा थर, अशी घरं आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या होती. उन्हाळ्यात ती गार राहायची, पण कोसळली की आतल्या माणसाला पुरून टाकायची. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली, असं सरकारी आकडा सांगतो. आत्या वाचली. तिचे यजमान आणि धाकटा मुलगा वाचले नाहीत.

तिला आमच्या घरी आणलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. घरातल्या सगळ्यांनी तिच्यावर माया केली, आणि ती माया एका शब्दात सांगता येते: बस. कुणी तिच्या हातातला तांब्या काढून घ्यायचं, कुणी झाडू. "तू बस. काही करू नको. तुझं कमी झालंय का?" ती भिंतीला टेकून बसायची. भेटायला येणारी प्रत्येक बाई समोर बसून विचारायची, कसं झालं, कुठं होतीस, लेकरू कुठं सापडलं. "रड गं, रडलीस की मोकळी होशील." आत्या रडत नव्हती. बोटं मात्र सारखी कापत असायची. पहाटे चारच्या सुमारास ती उठून बसायची आणि उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत राहायची. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी झोप यायची, पण चारची जाग काही चुकली नाही.

पावणेदोन महिने असे गेले. मग एका संध्याकाळी माझ्या आजीनं काही न बोलता ज्वारीच्या पिठाची परात तिच्यापुढं सरकवली. आत्यानं थोडा वेळ परातीकडं बघितलं आणि पीठ मळायला घेतलं. पहिली भाकरी फाटली, दुसरी जमली. थापताना तिची बोटं कापत नव्हती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. चौथी-पाचवी भाकरी तव्यावर टाकताना ती रडायला लागली, थापता थापताच. आजीनं तिला थांबवलं नाही, विचारलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून आजी सकाळी शेताकडं जाताना तिला बरोबर घेऊ लागली. खूप वर्षांनी आत्या मला म्हणाली, "बसून बसून भ्याव अंगात मुरलं होतं रे. चालाय लागले तवा पाय माझे वाटाय लागले."

भाकरीनं आत्या बरी झाली, असा दावा मी करत नाही. तिला पुढे दोन वर्षं मानसोपचाराची औषधं घ्यावी लागली आणि त्यांचा तिला उपयोगही झाला. पण औषध, बोलणं, दिलासा या सगळ्यांच्या आधी तिच्या अंगाला काहीतरी करायला मिळालं, तिथून गोष्टी हलल्या. गेली वीस-बावीस वर्षं मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. माणसाचं अंग आणि त्याची भीती यांचं नातं मी रोज मैदानावर बघतो. आपत्ती, हिंसा, अत्याचार यांतून वाचलेल्या माणसांसाठी आपल्या राज्यात ज्या सोयी उभ्या राहतात, त्यांत शरीराच्या हालचालीला जागाच ठेवलेली नसते. ती ठेवली पाहिजे, आणि मेहेरबानी म्हणून नव्हे, पाणी आणि संडास जसे हक्कानं द्यावे लागतात तशी.

आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. मराठीत भीती बसते. धसका बसतो. माणूस हाय खातो, त्याचे हातपाय गळतात, पोटात गोळा येतो, तो जागच्या जागी थिजतो. यातला एकही शब्द डोक्यातल्या विचारांबद्दल नाही, सगळे अंगाबद्दल आहेत. पण उपचाराचा विषय निघाला की आपण एकदम मनाकडं वळतो आणि अंगाला विसरतो.

शरीरात काय होतं ते थोडक्यात सांगतो. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग विचाराची वाट न बघता इशारा देतो. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, रक्त पोटाकडून दंड-मांड्यांकडं वळतं. ही पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी. मज्जासंस्थेचा दुसरा भाग याच्या उलट काम करतो. तो ठोके मंदावतो, पचन सुरू करतो, अंग सैल सोडतो. त्यातली मुख्य वाहिनी म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारा व्हेगस मज्जातंतू. त्याच्यातले पाचांपैकी जवळपास चार धागे वरून खाली हुकूम नेत नाहीत, ते खालून वर खबर नेतात. काळजाची, फुप्फुसांची, आतड्यांची हालहवाल मेंदूला सतत कळत असते आणि तिच्यावरून मेंदू ठरवतो की आपण सुरक्षित आहोत की नाही. मोठा आघात झालेल्या माणसात ही यंत्रणा धोका टळल्यावरही चढलेलीच राहते, किंवा उलट इतकी खाली बसते की माणूस सुन्न होतो. "आता भूकंप नाही, घाबरू नको" असं त्याला शंभर वेळा सांगितलं तरी छातीतली धडधड वरती वेगळीच खबर देत असते. श्वास लांबवून सोडला, पाय जमिनीवर दाबले, लयीत चाललं, की खबर बदलायला लागते. कानांवाटे जे आत जात नाही, ते कधी कधी तळपायांवाटे जातं.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेत १९६० च्या दशकात झालेल्या प्रयोगांचा धडा. प्रयोग क्रूर होते, त्यांचं समर्थन मी करणार नाही. कुत्र्यांना विजेचे झटके दिले जात. काही कुत्र्यांना फळी दाबून ते थांबवता येत, काहींना काहीही केलं तरी थांबवता येत नसत. नंतर दोघांनाही अशा पेटीत ठेवलं जिथं बुटकं कुंपण ओलांडलं की सुटका होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून सुटली. दुसऱ्या गटातली बरीचशी तिथंच पडून राहिली. १९६८ साली याच संशोधकांनी लिहिलं की कुंपण काढून टाकलं, पलीकडं खाणं ठेवलं, तरी पडून राहिलेल्या कुत्र्यांवर परिणाम झाला नाही. त्यांना दोरीनं ओढून पुन्हा पुन्हा पलीकडं नेलं, त्यांच्या पायांना तो रस्ता कळला, तेव्हा ती आपण होऊन पलीकडं जायला लागली. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्यांपैकी दोघांनी आपलंच म्हणणं दुरुस्त केलं. हतबलता शिकावी लागते असं ते आधी मानत होते. आता ते म्हणाले की लांबलेल्या त्रासात गळून जाणं हा शरीराचा मूळ प्रतिसादच आहे, आणि शिकावं लागतं ते "माझ्या करण्यानं काही बदलतं" हे. माझ्या आजीला शाळा माहीत नव्हती, पण परात पुढं सरकवताना तिनं नेमकं हेच केलं होतं. आणि तिनं आत्याचा हात धरून पिठात घातला नाही, हेही तितकंच मोलाचं.

"बोल, मोकळी हो" या आग्रहाचं काय? दुर्घटनेनंतर लगेच एका बैठकीत माणसाकडून सगळा प्रसंग वदवून घ्यायचा, ही पद्धत जगभर बरीच वर्षं वापरली गेली. पुढं तिच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं की तिच्यामुळं पुढचा मानसिक आजार टळत नाही, काहींना अपायही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली प्रत्यक्ष जागेवर काम करणाऱ्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिच्यात स्पष्ट सांगितलं आहे की माणसाला त्याची कहाणी सांगायला भाग पाडू नका. ऐका, गरजा बघा, सुरक्षित वाटू द्या, त्याच्या माणसांशी जोडून द्या. पण आपल्याकडं दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी वाचलेल्या बाईसमोर आठ माईक असतात. नंतर पुढारी येतात, अधिकारी येतात, नातेवाईक येतात, आणि ती प्रत्येकाला तोच प्रसंग बसल्या जागी सांगत राहते. बोलण्याचे उपचार निरुपयोगी आहेत, असं मला म्हणायचं नाही. प्रशिक्षित माणसाच्या मदतीनं, योग्य वेळी, ठरावीक पद्धतीनं त्या आठवणींना सामोरं जाण्याचे उपचार सगळ्यांत भक्कम पुराव्यांचे आहेत. पण त्यासाठी अंगात थोडी स्थिरता लागते, आणि ती आधी यावी लागते.

हालचालीच्या बाजूनं पुरावा किती आहे? भरपूर नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. बॉस्टनमध्ये दीर्घकाळ आघातानंतरच्या मानसिक आजारानं (पीटीएसडी) ग्रासलेल्या, इतर उपचारांचा उपयोग न झालेल्या ६४ स्त्रियांवर एक चाचणी झाली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्या जणींना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास, त्यांच्या कलानं घेतलेला योग आणि उरलेल्या अर्ध्यांना आरोग्य शिक्षणाचे वर्ग. अखेरीस योगाच्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया त्या आजाराच्या निकषांतून बाहेर आल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. आपल्या देशातली उदाहरणं लहान आहेत, पण जवळची आहेत. २००८ साली बिहारमध्ये कोसीनं पात्र बदललं आणि लाखो लोक विस्थापित झाले. महिन्याभरानं २२ पूरग्रस्त पुरुषांवर अभ्यास झाला. ज्यांनी आठवडाभर रोज तासभर योग केला त्यांच्यातली उदासी कमी झाली. ज्यांनी केला नाही त्यांच्यातली चिंता त्याच आठवड्यात वाढली. बावीस माणसांवरून राज्याचं धोरण ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण "काहीच केलं नाही तर काय बिघडतं" या प्रश्नाचं उत्तर त्या दुसऱ्या गटात आहे.

लयीबद्दलही थोडं सांगायला हवं. २००१ साली इटलीत २३ निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास मोजला गेला. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय-रक्तदाबाच्या लयी एकमेकींशी जुळून आल्या. ते वाचताना मला माझ्या आजीचं जातं आठवलं. ओवीचा चरण ओढून म्हणताना श्वास लांब सुटतो, खुंटा फिरवताना कंबर पुढं-मागं होते, समोर बसलेली दुसरी बाई त्याच लयीत ओढते. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या गेल्या आहेत. त्यांत नवऱ्याचा मार आहे, मेलेलं लेकरू आहे, माहेराची तुटलेली वाट आहे. दळताना बाई ते बोलत होती, कुणी विचारलं म्हणून नव्हे, आणि हात चालू ठेवून. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाचं मोजमाप आधुनिक उपकरणांनी सुरू केलं. शंभर वर्षांपूर्वी ज्या राज्यात हे काम सुरू झालं, त्याच राज्याच्या मदत छावणीत माणसाला हातपाय हलवायला जागा नसावी, हे मला सहन होत नाही.

माळीणवर ३० जुलै २०१४ ला डोंगर आला, तळियेवर २२ जुलै २०२१ ला, इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही ठिकाणची माणसं चढ-उतारावर वाढलेली. इरशाळवाडीचे ठाकर तर गडाच्या पायथ्याच्या वाडीवर, जिथं गाडीरस्ता नव्हता, तिथं रोज डोंगर उतरून-चढून जगणारे. वाचलेल्यांना खाली चौकला कंटेनरच्या खोल्यांत ठेवलं गेलं. डोक्यावर छप्पर तातडीनं मिळालं हे चांगलंच झालं, त्यासाठी राबलेल्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण डोंगरावर पाय रोवून चालणारं अंग पत्र्याच्या डब्यात बसवलं की त्याला काय होतं, हा प्रश्न मदतीच्या यादीत कुठंच नसतो. छावणीत सगळं तयार येतं. जेवणाची पाकिटं येतात, कपड्यांचे गठ्ठे येतात, पाण्याचा टँकर येतो. पहिले चार-आठ दिवस ते हवंच. त्यानंतर मात्र ज्या बाईनं तीस वर्षं रोज चूल पेटवली तिच्या हातात पाकीट देत राहणं म्हणजे तिच्या हातांना सांगत राहणं की तुमचं काही काम उरलेलं नाही. पुरुषांचं याहून वाईट. ते छावणीच्या कडेला उकिडवे बसतात आणि मग तिथून दारूच्या गुत्त्याची वाट फार लांब नसते.

किल्लारीनंतरचं पुनर्वसन हे जागतिक बँकेच्या मदतीनं झालेलं फार मोठं काम होतं. ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली. भूकंपाला टिकतील अशी घरं मिळाली आणि त्यात अनेकांचं भलं झालं. पण नवी गावं शहरी वसाहतीसारखी आखली गेली. सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, घराघरांत अंतर. जुन्या गावात बोळ होते, ओटे होते. आत्याच्या भाषेत सांगायचं तर "दारातून पाय काढला की कुणाच्या तरी ओट्यावर पडायचा." पाण्याला जाणं, दळणाला जाणं, मारुतीच्या पारावर टेकणं, यांतून अंग दिवसाला शंभरदा कुणाच्या तरी अंगाजवळून जायचं. नव्या गावात शेजारीण हाकेच्या पलीकडं गेली, शेतं लांब पडली. नकाशा काढणाऱ्यांनी अंतर ठेवलं ते सुरक्षिततेसाठीच. पण ज्यांचं माणूस गेलं होतं त्यांच्यासाठी ते अंतर फार मोठं होतं, आणि ते चालून जाण्याचं बळ पायांत नव्हतं. पुनर्वसनाचा नकाशा हाही उपचाराचा भाग असतो, हे तेव्हा कुणी म्हटलं असतं तर कदाचित ओटे राहिले असते.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक इथं सांगणं भाग आहे, कारण तिच्याशिवाय माझं म्हणणं अर्धवट राहील. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा आला. सहावीत होता. कवायतीच्या तासाला मी शिट्टी मारली आणि "सावधान!" ओरडलो की तो खांदे वर करून डोळे मिटायचा. मला तो आळस वाटला, मग उद्धटपणा वाटला. एके दिवशी मी त्याच्या मागून जाऊन त्याचे खांदे धरून सरळ केले. तो जागेवर खाली बसला आणि त्यानं डोक्यावर दोन्ही हात घेतले. त्याच्या घरी काय चालायचं ते नंतर त्याच्या मामाकडून कळलं. मी त्या पोराला पुन्हा हात लावला नाही आणि त्याच्या तासाला शिट्टी वापरायचं सोडलं. त्याला सांगितलं, तुला वाटेल तेव्हा ये, वाटेल तेव्हा लिंबाखाली बस. दीड महिना तो बसला. मग त्यानं आपण होऊन लंगडीत भाग घेतला, आणि पुढं लेझीम. लेझमीच्या रांगेत तो शेवटी उभा राहायचा, म्हणजे मागं कुणी नको.

म्हणून मी हालचाल म्हणतो तेव्हा कवायत म्हणत नाही. आघातात माणसाच्या अंगावरचा त्याचा ताबा गेलेला असतो. त्याच अंगाला पुन्हा हुकूम सोडणं म्हणजे जुनीच जखम उघडणं. डोळे मिटायला लावू नये, न विचारता हात लावू नये, दार बंद करू नये, थांबायचं असेल तर कारण विचारू नये. एका अंगाला जे निववतं तेच दुसऱ्याला पेटवू शकतं. आमच्या गावात आत्याबरोबर आलेले एक गृहस्थ होते. त्यांना ढोल-लेझमीचा आवाज कित्येक वर्षं सहन झाला नाही, कारण त्या रात्रीचा शेवटचा आवाज तोच होता. भाद्रपद आला की ते शेतावर राहायला जायचे. त्यांना लेझीम खेळवून बरं करू म्हणणारा माणूस धोकादायक ठरला असता.

इथं एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो खरा आहे. कष्टकरी माणसाचं अंग दिवसभर हलतंच की. ऊसतोडणीला जाणारी बाई पहाटे तीनपासून कोयता चालवते, मोळ्या वाहते. मग तिला का धसका बसतो, तिची झोप का उडते? तिला हालचालीचं काय कौतुक सांगता? तिला कौतुक सांगायचं नाहीच. मुकादमाच्या उचलीखाली दबलेली, थांबायची मुभा नसलेली, दुखत असताना ओढावी लागणारी हालचाल मज्जासंस्थेला सुरक्षिततेची खबर देऊच शकत नाही. त्या फळी न सापडलेल्या कुत्र्यांसारखंच ते आहे. स्वतःच्या मर्जीनं सुरू करता यावं आणि थांबवता यावं, सोबतीला विश्वासाचं माणूस असावं आणि नंतर विश्रांती मिळावी, तेव्हाच हालचाल अंगाला सावरते. ऊसतोड बाईचा पहिला उपचार विश्रांती आणि मजुरी हाच आहे. उलट, हीच बाई मंगळागौरीला किंवा नागपंचमीला फेर धरते, फुगडी घालते, तेव्हा तिचा थकवा वाढत नाही. कोणी सांगितलेलं नसतं आणि दमली की ती हसत बाजूला होते.

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. आपल्याकडं अनेक देवस्थानांत बाया घुमतात. केस सोडून, मान फिरवून, ओरडून. त्यांच्या आजारपणावर धंदा करणाऱ्या बुवा-मांत्रिकांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं चाप लावला, आणि तो कायदा आणखी कडकपणे राबवला पाहिजे असंच माझं मत आहे. पण घुमणाऱ्या बाईला नुसतं अंधश्रद्ध म्हणून आपण सुटत नाही. तिच्या अंगात जे साठलं आहे ते हलवायला, ओरडायला तिला अख्ख्या गावात दुसरी कुठली जागा आहे? ती जागा आपण दिली नाही, म्हणून मांत्रिकानं दिली आणि त्याचे पैसे घेतले.

शहरातही याचा बाजार बसला आहे. मोबाइलवर दर चार चित्रफितींतली एक सांगते की तुमचा आघात कमरेच्या स्नायूंत साठला आहे, अमुक सात मिनिटं करा म्हणजे निघून जाईल. दोन दिवसांच्या शिबिराचे हजारो रुपये घेतले जातात. आठवणी स्नायूंत गाठोड्यासारख्या ठेवलेल्या असतात, याला पुरावा नाही. व्हेगस मज्जातंतूवरून आघाताचं स्पष्टीकरण देणाऱ्या ज्या 'पॉलिव्हेगल' सिद्धान्ताच्या नावानं हे सगळं विकलं जातं, त्यातल्या मूळ दाव्यांवर शरीरशास्त्रज्ञांमध्येच गंभीर मतभेद आहेत. दुसऱ्या टोकाला सरकारीकरणाची भीतीही आहे. हा विषय अधिकाऱ्यांच्या हाती गेला की छावणीत सतरंज्या अंथरून सगळ्यांना रांगेत बसवतील, योगदिनासारखा फोटो काढतील आणि मानसोपचारतज्ज्ञाचं रिकामं पद रिकामंच ठेवतील. तसं होणार असेल तर माझी मागणी मी मागं घेतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं दाखवलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ती दरी आधी बुजवली पाहिजे. पण डॉक्टर तालुक्याला पोचेपर्यंत माणसानं भिंतीला टेकून वाट बघत बसावं का?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००९ सालीच आपत्तीतल्या मनोसामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. म्हणजे चौकट आहे, तिच्यात अंगण नाही. छावणीची जागा निवडताना जसं पाणी बघतात, तसं चालायला मोकळी, रात्री उजेड असलेली, बायकांना पुरुषांच्या नजरेआड हातपाय ताणता येतील अशी जागा बघितली पाहिजे. शाळा छावणीसाठी घेतली तरी शाळेचं मैदान घेऊ नये, मुलांना ते पहिल्या आठवड्यात परत मिळालं पाहिजे. खो-खो आणि लंगडी सुरू झाली की पोरं झोपायला लागतात, हे मी २०१६ च्या दुष्काळातही बघितलं आहे, जेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि घराघरांत ताण होता. आठवड्याभरानं शिधा कोरडा द्यावा, चुली बायकांच्या हातात द्याव्यात, घर उभारण्याच्या कामात रोजंदारीवर आधी त्याच गावच्या माणसांना घ्यावं. आशाताई आणि अंगणवाडीताई या गावच्याच असतात, त्यांना लोक घरात घेतात. त्यांना चार साध्या गोष्टी शिकवता येतील: धाप लागलेल्या माणसाला भिंत दोन्ही हातांनी ढकलायला सांगणं, श्वास सावकाश सोडायला सांगणं, त्याच्याबरोबर न बोलता शंभर पावलं चालणं, आणि दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन लावून देणं किंवा जिल्हा रुग्णालयात नेणं.

आणि ज्या आपत्तींचे माईक कधी येत नाहीत, त्यांचंही बघावं लागेल. अत्याचारातून सोडवून आणलेल्या मुली-बायकांना आपण निवारागृहांत ठेवतो. दार कुलूपबंद असतं, त्यांच्या भल्यासाठी असं सांगतात. ज्या अंगाला कोंडून ठेवण्यातूनच जखम झाली, ते अंग आपण पुन्हा कोंडतो, आणि मग ती मुलगी भिंतीवर डोकं का आपटते असं विचारतो. त्या इमारतींच्या परवान्यात खोल्या आणि खाटा मोजल्या जातात. मोकळं अंगण आणि रोज त्यात जाण्याचा तास का मोजू नये? माझ्यासारखे शारीरिक शिक्षणाचे हजारो शिक्षक या राज्यात आहेत. बी.पी.एड.ला आम्हाला हाडं, स्नायू, खेळांचे नियम शिकवले. घाबरलेलं मूल कसं ओळखायचं आणि त्याच्याशी शिट्टीविना कसं वागायचं, हे कुणी शिकवलं नाही. ते मी एका पोराच्या जिवावर शिकलो.

आत्या आता सत्तरीच्या पुढं आहे. नव्या गावात मिळालेल्या पक्क्या घरात ती स्वयंपाक करते, पण झोपते अजूनही पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पहाटे चारला तिला जाग येते, बत्तीस वर्षांत ती चुकलेली नाही. मात्र ती आढ्याकडं बघत बसत नाही. उठते, चप्पल न घालता अंगणात उतरते आणि कुंपणाच्या कडेनं फेऱ्या मारते. मध्यंतरी राहायला गेलो होतो तेव्हा मीही उठलो आणि तिच्या मागं चालू लागलो. चौथ्या फेरीला ती मागं न बघता म्हणाली, "बाजूनं चाल की. मागं नको."

मी बाजूला आलो. कोंबडा आरवेपर्यंत आम्ही चालत होतो.